पुठ्ठ्यामागचा फासा

३ मार्च, रविवार

धाकटे,

तू गेल्याला पाच आठवडे झाले. पत्राला उशीर झाला तो कामाच्या ढिगामुळे, असं लिहिणार होतो. ढीग आहेच. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे वजनकाटे तपासणीला आलेत, वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पण पत्र लिहायला जागा लागते ती कितीशी.

शनिवारचा खेळ चालू आहे. तीन वाजले की सगळे येतात. टपालवाले काका पिशवी दाराशी टेकवतात, नर्सबाई ड्यूटीवरून थेट येऊन पहिली दहा मिनिटं पाय चोळत बसतात आणि शिंपी जिन्यातूनच बोलायला लागतो. तुझी खुर्ची हलवलेली नाही. तिच्यावर कुणी पिशवी ठेवली तर मी ती उचलून खाली ठेवतो.

शिंप्याबद्दल तुझं म्हणणं बरोबर होतं. पाळी कुणाचीही असो, त्याचं "मी असतो तर" सुरूच. नर्सबाई बिचाऱ्या तोंड उघडतात आणि मिटतात. म्हणून आता वाळूचं घड्याळ आणलंय. वाळू संपेपर्यंत ज्याची पाळी, तोच बोलणार. पहिल्या दिवशी शिंप्याने घड्याळ आडवं करून ठेवलं. "वाळू दमली असेल हो," म्हणाला. तरी नर्सबाईंनी परवा सलग तीन वाक्यं बोलून दाखवली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तू शिंप्यावर वैतागून उठलीस असं मी धरून चाललोय. तसं असेल तर त्याचा बंदोबस्त झालाय.

नर्सबाईंनी काल सासूबाईंना आणलं. वय पंचाहत्तर, ऐकायला कमी येतं असं सांगतात, पण हवं ते बरोबर ऐकतात. टेबलाकडे बघून म्हणाल्या, "पट कुठाय? सोंगट्या कुठायत?" मी सांगितलं की पट नाही. मी गोष्ट सांगतो. हे सगळे गोष्टीतला एकेक माणूस होतात आणि तो काय करणार ते बोलून दाखवतात. जमेल की नाही हे हा वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. माणूस मरूही शकतो, आणि मेला की मेला.

"आणि तुम्ही त्या पुठ्ठ्यामागे काय करता?"

"धोक्याचे फासे मी टाकतो, आडोशाला. आकडा सगळ्यांना दिसला तर मजा जाते."

"असं होय," म्हणाल्या. त्यांचं ते 'असं होय' मला फारसं आवडलं नाही.

गोष्टीतली तुझी कुलूपवाली अजून दोरांच्या पुलावर उभी आहे. पलीकडे जायला बारापेक्षा जास्त हवे होते, मी "सोळा" म्हणालो, आणि तू कप पालथा घालून उठलीस. कप पालथा घातला की गोष्ट तिथेच थांबवायची आणि का ते विचारायचं नाही, हा नियम तूच आणला होतास. मी मात्र जिन्यापर्यंत "काय झालं, काय झालं" करत मागे आलो. ते चुकलंच.

बंदरावरची हवा कशी आहे? क्रेनच्या केबिनमध्ये पंखा असतो का?

दादा

२४ मार्च, रविवार

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "किती वेळा?" एवढंच. पत्ता त्याच्यापेक्षा लांब होता.

काकांनी ते हातात दिलं तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता. पोस्टकार्ड आहे, डोळे मिटून कोण आणतं?

काल सगळे यायच्या आधी मी तुझ्या खुर्चीत बसलो. सात वर्षांत एकदाही बसलो नव्हतो. समोर माझी खुर्ची, मधे पुठ्ठा, आणि माझ्या खुर्चीमागे भिंतीवर बाबांच्या काट्याचं पितळी पारडं. दर शुक्रवारी मी ते घासून लख्ख करतो, तू हसायचीस मला त्यावरून. मी उठून पुठ्ठ्यामागे फासा ठेवला आणि पुन्हा येऊन बसलो. पारड्यात फासा दिसत होता. आकडा उलटा, पण वाचता येण्याजोगा.

म्हणजे सोळा म्हणालो तेव्हा तुला तीन दिसला होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दोनदा. फार तर तीनदा. तू पडायला आली होतीस म्हणून मी सावरलं. त्याला फसवणूक म्हणायचं असेल तर म्हण, पण गोष्ट चांगली व्हावी म्हणूनच मी ते केलं. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी मोकळीक असते असं मला वाटत होतं.

परवा एका वाण्याचा काटा उघडला. पारड्याच्या खाली मेणाचा गोळा चिकटवलेला. तो म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या बाजूनेच लावलाय हो साहेब, जास्तच जातं त्याला." मी सील करायला नकार दिला. काटा कुणाच्याही बाजूने असला की तो काटा राहत नाही, असं त्याला ऐकवून आलो. आणि परत येताना बराच वेळ पायी चाललो.

दादा

१४ एप्रिल, रविवार

धाकटे,

दुसरं कार्डही मिळालं. तोच प्रश्न. पहिल्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात.

अकरा वेळा.

मोजले म्हणून सांगतोय असं नाही, मला पहिल्यापासून पाठ आहेत. पहिला तुझ्या कॉटपाशी. तू गच्चीवरून पडलीस त्याला दोन महिने झाले होते, कंबरेपासून खाली प्लॅस्टर, आणि डॉक्टर बाहेर नेऊन मला सांगायचे, "सध्या काही सांगता येत नाही." आत येऊन मी तुला गोष्ट सांगायचो. तूच म्हणालीस, "नुसती सांगू नकोस, मलाही काहीतरी करू दे." मग फासा आला. तुझ्या कुलूपवालीने पहिलंच कुलूप उघडलं तेव्हा एक आला होता. एक! तू छताकडे बघत होतीस, तुला कुशीवर वळता येत नव्हतं. मी म्हणालो, "अठरा." आणि तू हसलीस. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

तो एक खोटा आकडा मी आजही परत घेणार नाही.

पण पुढचे दहा तू पायांवर उभी राहिल्यानंतरचे आहेत. तू चालत जिना चढून येऊन खुर्चीत बसायचीस आणि मला कॉटच दिसायची.

आता ते सांगतो जे तू विचारलेलं नाहीस. तुला दिसलं होतं की नाही मला माहीत नाही. गोष्टीतल्या त्या दिवाणखान्याच्या प्रसंगात राखणदाराचा घाव कुणावर पडणार हे फाशावर होतं. एक ते दहा तू, अकरा ते वीस काकांचा दिवेवाला म्हातारा. सात आला. मी चौदा म्हणालो. चार वर्षं काका त्या दिवेवाल्याला घेऊन खेळत होते, त्याच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं ठरवलेलं. तो मेल्यावर त्यांनी त्याची माहिती लिहिलेला कागद चार घड्या करून टपालाच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "असो. फाशापुढे कुणाचं चालतं?" मी मान हलवली. धाकटे, मी मान हलवली.

जिन्यात तू विचारलं होतंस, "क्रेनच्या परीक्षेच्या वेळीही कुणाला भेटून आला होतास का?" मी उत्तर दिलं नाही. राग आला होता. आता राग नाही, आणि आता तू विश्वास ठेवशील अशी माझी पत राहिलेली नाही. तरी सांगतो. नाही भेटलो. खरं तर तू नापास व्हावीस असं मला वाटत होतं. एकदा पडलेली पोर चाळीस मीटरवर जाऊन बसणार, या विचाराने मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. तुझा निकाल आला त्या दिवशी मी पेढे... नाही, काहीच आणलं नाही, आठवतं? तुला वाटलं विसरलो. विसरलो नव्हतो. तो आकडा मला नको असलेला होता आणि तो सगळाच्या सगळा तुझा होता.

दादा

५ मे, रविवार

धाकटे,

तू मुद्दाम केलंस ना? बंद पाकीट मिळत नव्हतं का तिकडे?

काकांनी मंगळवारी कार्ड आणलं. नेहमीसारखं टेबलावर ठेवून गेले नाहीत, उभे राहिले. टोपी काढून काखेत धरली.

"माझ्याबद्दल आहे वाटतं," म्हणाले.

मी वाचलं. "काकांना सांगितलंस?"

हातात दुकानदाराचा तराजू होता, तो खाली ठेवायला मी पुष्कळ वेळ लावला. म्हणालो, "शनिवारी सगळ्यांसमोर सांगतो." ते म्हणाले, "ठीक आहे. मला अजून सत्तावीस घरं आहेत." आणि गेले. शनिवारपर्यंत ते रोज पत्रं टाकून गेले, पण आत आले नाहीत.

शनिवारी सांगितलं. अकरा वेळांचं सगळं, आणि दिवेवाल्याचंही. पुठ्ठा मी आधीच आडवा करून ठेवला होता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं.

सगळ्यात आधी नर्सबाई बोलल्या. वाळूच्या घड्याळाची गरज पडली नाही. "मी चार्टवर ताप उतरला असं लिहिलं म्हणून तो उतरतो का हो? इतकी वर्षं मी इथे घाबरत होते, जीव मुठीत धरून. ते काय नाटक होतं?"

"तुमचे आकडे खरेच होते," मी म्हणालो.

"म्हणजे आम्ही खरे मरणार, आणि ती खोटी जगणार. वा."

शिंपी गप्प होता. शिंपी! नंतर फक्त एवढंच म्हणाला, "माप घेताना टेप ओढली की कोट घट्टच होतो, दादा. कुणाला तरी घट्ट होतोच."

सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" नर्सबाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पुठ्ठा कशाला ठेवता?"

काका सगळ्यात शेवटी हलले. त्यांनी कपातला चहा संपवला. घाईने नाही. मग कप पालथा घातला आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरले. मी जागचा हललो नाही. विचारलं नाही. या वेळी नियम पाळला, आणि तो पाळणं केवढं जड असतं ते कळलं. तू गेलीस तेव्हाही असंच बसून राहायला हवं होतं.

टेबलावर त्यांचा कप अजून तसाच आहे. धुवायचा की नाही, कळत नाही.

तू असतीस तर काय करायचं ते सांगितलं असतंस. तू असतीस तर म्हणा हा प्रसंगच आला नसता, मी अजून पुठ्ठ्यामागे बसून तुला जिंकवत असतो. तरी तू असावीस असं वाटतं. तीन वाजले की जिन्यावर तुझी पावलं ऐकायची सवय आहे, डावं जरा लांबवून टाकलेलं. काल शिंपी जिना चढताना ठेचकाळला आणि मी उठून उभा राहिलो होतो.

दादा

२६ मे, रविवार

धाकटे,

काका आले. दोन शनिवार चुकवून तिसऱ्या शनिवारी, म्हणजे कालच. येताना पिशवीतून दिवेवाल्याचा कागद काढला, घड्या उलगडून टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला.

"याला परत जिवंत करायचं नाही," म्हणाले. "मेला तो मेला. नाहीतर ते बारावं होईल."

"बरं."

"पण तो फाशाने मेला नाही, ते आता सगळ्यांना माहीत आहे. मग कशाने मेला?"

ते म्हणाले, "मी विचार केला. रोज चार तास सायकलवर असतो, विचारच करतो. घाव त्या पोरीवर पडणार होता ना? मग असं लिहा की म्हातारा मधे पडला. स्वतःहून. दिवा खाली ठेवून, गुडघा दुखत असताना. तुम्ही ढकललंत असं नको. तो गेला असं हवं." जरा थांबून म्हणाले, "गेला असता तो. मी चार वर्षं ओळखतो त्याला."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते लिहिलं. नर्सबाईंनी सांगितलं, अशा वेळी माणूस शेवटी काय बोलतो. शिंप्याने कोटाचं बटण तुटलेलं घातलं. सासूबाईंचं म्हणणं पडलं की दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून तो विझला नाही. मी फक्त लिहून घेत होतो. सात वर्षांत पहिल्यांदा मला पुढे काय होणार ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगू, फार बरं वाटलं.

पुठ्ठा गेला. सासूबाईंनी मागितला, लोणच्याच्या बरण्यांखाली घालायला. आता सगळे फासे टेबलाच्या मधोमध पडतात, ज्याचा जीव धोक्यात त्यानेच टाकायचे. काल शिंप्याने स्वतःच्या हाताने दोन टाकला आणि गोष्टीतल्या हौदात पडला. इतका हसला की वाळू संपल्याचं कळलं नाही.

राहिली तुझी कुलूपवाली. ती चार महिने पुलावर उभी आहे. मी विचारलं, काय करायचं? सगळे एकदम म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही."

म्हणून फासा सोबत पाठवतोय. निळा, तुझाच. पेल्यात मीठ घालून घालून पाणी इतकं दाट केलं की तो तरंगला. मग टिचकी मारत बसलो, पन्नास वेळा. एखादी बाजू जड असेल तर तोच आकडा सारखा वर येतो. तसा येत नाही. काटेवाल्याचा शब्द देऊ का? नको, तूच एकदा तपासून घे.

टाक. बारापेक्षा जास्त आला तर ती पलीकडे पोचली. नाहीतर पडली. कुणी बघायला नसेल, तू आणि फासा. जो आकडा येईल तो कार्डावर लिहून पाठव, आम्ही तो मानू. तुझा कुणीही पडताळा घेणार नाही.

आणि पुन्हा आमच्यात खेळायचंच नसेल, तर आकड्याबरोबर फासा परत पाठव. मी काही विचारणार नाही. पालथा कप समजेन.

पाकीट काकांनी स्वतः शिवलं. दोन्ही बाजूंनी, आडवे टाके. "आत हलता कामा नये," म्हणाले, "नाहीतर वाटेतच खेळून टाकेल."

दादा

२३ जून, रविवार

धाकटे,

तेच पाकीट, पुन्हा शिवून, काल आलं. काकांनी फोडलं नाही, तीन वाजेपर्यंत पिशवीतच ठेवलं. सगळे बसल्यावर टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "घ्या."

आत कार्ड होतं. कार्डावर एक आकडा. ४.

मी ते सगळ्यांना दाखवलं. हातोहात फिरलं. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. खालच्या दुकानाचं शटर वर जाताना ऐकू आलं.

शिंपी म्हणाला, "चाराच्या आधी एक काढला तर चौदा होतात. जागा आहे कार्डावर. शाईपण निळीच आहे." बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. "नाही, नुसतं म्हटलं," असं पुटपुटला.

तुला खोटं सांगणार नाही. मी जागा पाहिली. चाराच्या डावीकडे बोटभर जागा होती. माझ्या खिशाला पेन होतं.

मग लक्षात आलं की ती जागा तुलाही दिसली असणार. तू तिकडे एकटी होतीस. वीस लिहू शकली असतीस, तेरा लिहू शकली असतीस, आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. तू चार लिहिलास. जसा आला तसा.

मी म्हणालो, "चार."

आणि तिला पडू दिलं. पूल कसा सुटला, आधी डाव्या बाजूचा दोर, मग उजव्या. ओरडली नाही. कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा खाली दगडांवर वाजत गेला, एकेक किल्ली, बराच वेळ. मी घाई केली नाही, कुठे फांदी आणली नाही, कुठे कुणाचा हात आणला नाही. माझा आवाज मधे एकदा गेला तेव्हा नर्सबाईंनी वाळूचं घड्याळ उलटं करून माझ्यासमोर ठेवलं, म्हणजे वेळ घ्या. खेळाच्या टेबलावर मी सात वर्षांत कधी रडलो नव्हतो. रडायचं कारणच मी कधी येऊ दिलं नव्हतं.

काका म्हणाले, "तिचा कागद दिवेवाल्याच्या शेजारी ठेवू." ठेवला. पारड्याच्या खाली, खिळ्याला.

कुलूपवाली गेली, धाकटे. मी तिला अकरा वेळा वाचवलं आणि ती माझी होती. बाराव्या वेळी ती तुझी झाली.

मग मी पाकीट उलटं केलं. हलवलं. टाके उसवून शिवणीत बोट घालून पाहिलं. फासा नव्हता. मी टेबलाखाली वाकलो, काकांची पिशवी पाहू का म्हणालो. शिंपी चक्क खुर्चीखाली रांगला.

काका म्हणाले, "अहो, माझ्या हातून टपाल हरवत नाही. तिने पाठवलेलाच नाही."

सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" आणि या वेळी कुणालाच त्यांना सांगता येईना.

सोबत एक कोरा कागद आहे. नवीन माणूस कोण, कुठून आला, त्याला काय येतं आणि काय येत नाही, ते तू भर. मला आधी कळवू नकोस. तुझी खुर्ची मी खिडकीकडे सरकवली आहे, तिथून पारड्यात काही दिसत नाही. आता दिसण्यासारखं मागे काही उरलंही नाही.

शनिवारी, तीन वाजता. तुझा कप धुऊन सुलटा ठेवलाय.

दादा